धाकटा भाऊ ईस्पोर्ट्सच्या मॅचेसवर पैसे लावतोय, दोनदा मी त्याचं देणं फेडलंय, आता घरी सांगू का?

थकलेली_ताई

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलचक होणार आहे त्याबद्दल आधीच सॉरी.

माझा धाकटा भाऊ 16 वर्षांचा आहे. गेम खेळतो, बऱ्यापैकी चांगला खेळतो, त्यावरून घरात इतकी भांडणं झालीत की आता आईबाबांनी नाद सोडलाय, मार्क पडतायत ना मग खेळू दे असं चाललंय. मलाही वाटायचं निदान डोळ्यांसमोर तरी आहे. तर चारेक महिन्यांपूर्वी हा रात्री माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला ताई थोडे पैसे दे, एका मित्राचे द्यायचेत, का ते विचारू नकोस. मी दिले. दोन महिन्यांनी परत तेच, पण ह्यावेळी आकडा माझ्या अर्ध्या पगाराएवढा, तेव्हा मात्र मी खोदून खोदून विचारलं तर रडायलाच लागला आणि मग एकेक बाहेर आलं.

काउंटर-स्ट्राइक म्हणून बंदुकांचा ऑनलाइन गेम आहे, त्याच्या मॅचेसवर बेट लावतो. स्वतःच्या नाही, प्रो टीम्सच्या. आधी म्हणे स्किन लावायचा, म्हणजे गेममधल्या बंदुकांचे ते रंगीत डिझाइन, मला तर वाटायचं हे खेळण्यातलंच काहीतरी असेल, पण त्याला बाजारभाव असतो हे मला त्या रात्री कळलं. मग स्किन संपले तेव्हा खरे पैसे. खातं त्याच्या एका मित्राच्या मोठ्या भावाच्या नावावर, कारण ह्याचं वय बसत नाही.

मी पैसे दिले, शपथ घालून घेतली, विषय संपला असं समजले. गेल्या आठवड्यात पहाटे तीनला पाणी प्यायला उठले तर ह्याच्या खोलीत उजेड. लॅपटॉपवर मॅच चालू, आवाज बंद, फोन हातात. मी विचारलं कोण खेळतंय, तर त्याला दोन्ही टीमची नावं धड सांगता येईनात पण स्कोअर आणि बेटचा भाव मात्र तोंडपाठ. ते बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण हा पोरगा आवडत्या टीमची मॅच असली की एकेका खेळाडूबद्दल तासभर बोलायचा.

प्रश्न दोन आहेत. हे वयाचं वेड आहे की खरंच व्यसन? आणि आईबाबांना सांगू का? तो म्हणतो सांगितलंस तर आपलं बोलणं कायमचं बंद, आणि शेवटचं एकदा दे मी सगळं कव्हर करतो. डोकं चालेनासं झालंय.

स्किन_गेले_अक्कल_आली

ताई, मी 23 वर्षांचा आहे आणि तुझा भाऊ म्हणजे सात वर्षांपूर्वीचा मी, त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस.

आधी "शेवटचं एकदा दे" ह्याबद्दल. हे वाक्य मी माझ्या चुलतभावाला कमीत कमी सहा वेळा ऐकवलं असेल आणि गंमत म्हणजे सहाही वेळा मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच वाटायचं की एवढं कव्हर झालं की बंद. पण कव्हर करायचं म्हणजे काय करायचं, तर हरलेल्याच्या दुप्पट लावायचं. 1 गेला की 2, 2 गेले की 4, मग 8, 16, 32. सलग सहा हरलास की 63 गेले आणि आता 64 लावतोयस, कशासाठी, तर जिंकल्यावर सगळं मिळून 1 वर येण्यासाठी. आणि सलग सहा हरणं काही जगावेगळं नाही, रोज दहा बेट लावणाऱ्याला ते कधी ना कधी दिसतंच.

मी पण केसपासूनच सुरू केलं, केस म्हणजे पैसे देऊन उघडायची पेटी, आत कुठलं स्किन निघेल ते आधी कळत नाही. 2013 साली गेममध्ये स्किन आले. केस उघडायची, चाक फिरल्यासारखे स्किन सरकत जातात आणि चाकूच्या अगदी शेजारी येऊन थांबतात. हरलो असं वाटतच नाही, थोडक्यात हुकलं असं वाटतं. 2017 ला चीनमध्ये नियमामुळे शक्यता जाहीर कराव्या लागल्या तेव्हा कळलं की सगळ्यात साधा माल निघायची शक्यता 79.92 टक्के आणि चाकूवाल्या दुर्मिळ वस्तूची 0.26 टक्के, म्हणजे साधारण 385 केसमागे एक. शेजारी येऊन थांबला काय आणि दहा घरं लांब थांबला काय, काही फरक नाही, पण डोक्याला ते पटत नाही.

मग मी ज्यांचे व्हिडिओ बघून स्किन लावायला लागलो ते युट्यूबर लोक. मोठमोठे जिंकायचे, किंचाळायचे, आपल्याला वाटायचं नशीबवान आहेत. 2017 ला अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिकडच्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेने, अशाच दोघांवर कारवाई केली, सीएसगो लोट्टो नावाची स्किनच्या जुगाराची साइट ते मस्त सापडली म्हणून दाखवत होते आणि ती त्यांच्याच मालकीची होती, हे प्रेक्षकांना सांगितलंच नव्हतं. मी त्यांच्याच साइटवर नव्हतो पण धंद्याची रीत तीच. दुकानदारच गिऱ्हाईक बनून ओरडतोय की काय स्वस्त माल आहे.

तुझा भाऊ रात्री तीनला जी मॅच बघत होता ती तिसऱ्या-चौथ्या फळीतली असणार. मी पण तिथेच पोचलो होतो, कारण मोठ्या टीम्सच्या मॅचेस रोज नसतात आणि हाताला खाज रोज सुटते. अशा मॅचेसमध्ये खेळाडूंना पगार किरकोळ, मग काय होतं ते 2014 ला दिसलंच, अमेरिकेतली आयबायपॉवर ही त्या वेळची चांगली टीम ठरवून हरली, त्यावर दहा हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीचे स्किन लागले होते, जानेवारी 2015 मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने बंदी घातली. त्यातला एक खेळाडू तर विशीतही नव्हता. डोटा नावाचा दुसरा गेम खेळणाऱ्यांना 322 हा आकडा विचार, 2013 मध्ये एका प्रो खेळाडूने स्वतःच्या टीमविरुद्ध 100 डॉलर लावले, त्यावर 322 मिळणार होते म्हणून आजही कोणी घाणेरडं खेळलं की चॅटमध्ये 322 पडतं. मी हे सगळं माहीत असूनही पैसे लावत होतो हे लक्षात घे. माहितीचा उपयोग होत नाही तेव्हा.

घरी सांग. मला चुलतभावाने पाठीशी घातलं म्हणून माझं दीड वर्ष जास्त गेलं. त्याच्यावर राग नाही, पण हे खरं आहे.

डोकं_शांत

इतका बाऊ करायची गरज आहे का? पोरं ह्या वयात काहीतरी करतातच. आणि हा काही पत्त्यांचा जुगार नाही, ज्याला गेम कळतो, फॉर्म कळतो, मॅप कळतात त्याला फायदा असतोच ना. त्याला नीट बजेट करून खेळायला शिकवा, बंदी घातली की उलट चोरून करणार. माझे दोन-तीन मित्र महिन्याला व्यवस्थित कमावतात.

स्किन_गेले_अक्कल_आली

मित्र कमावतात असं सांगतात. हरलेल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट कोणी ग्रुपवर टाकतो का?

गेम कळतो ह्याबद्दल हिशोब करून दाखवतो. दोन टीम अगदी बरोबरीच्या आहेत. खरा भाव, म्हणजे जिंकल्यावर लावलेल्याच्या किती पट परत मिळणार तो आकडा, दोघींना 2.00 हवा. साइट देते 1.90. एका बाजूला कोणी 100 लावले, दुसऱ्या बाजूला कोणी 100, साइटकडे 200 आले, जो जिंकेल त्याला 190 दिले, 10 साइटचे, मॅच कशीही लागो. म्हणजे तुला नुसतं बरोबरीत राहायला शंभरातल्या जवळजवळ 53 मॅचेस बरोबर सांगायच्यात. तेही अशा लोकांविरुद्ध जे दिवसभर हेच करतात. आणि एखादा खरंच सतत जिंकायला लागला की बऱ्याच साइट त्याची लिमिट कमी करतात. हरणाऱ्याची लिमिट मात्र कोणी कमी करत नाही, उलट बोनस देतात.

लाइव्ह बेटिंग तर अजून वाईट. मॅच छोट्या छोट्या राउंडची असते, तर पहिलं, नुसत्या पिस्तुलांचं राउंड कोण घेणार, पुढचं राउंड कोण घेणार, एका मॅचमध्ये चाळीस वेळा पैसे लावता येतात. आपण बघतो ती स्ट्रीम मुद्दाम उशिरा दाखवतात, भाव ठरवणाऱ्याकडे सर्व्हरचा डेटा आधी येतो. आपल्याला बॉम्ब लागताना दिसतो तेव्हा तिकडे राउंड संपलेलं असतं. त्या माहितीवर तू गेम कळतो म्हणून पैसे लावणार.

आणि 16 वर्षांच्या मुलाला बजेट करून जुगार शिकवायचा हे वाचून मी दोन मिनिटं तसाच बसलो.

डोकं_शांत

बरं बाबा, हिशोब मान्य. 16 वर्षांचं मी नीट वाचलं नव्हतं.

थकलेली_ताई

दादा थँक्यू, इतकं खोलात लिहिलंत. (तुम्ही माझ्यापेक्षा लहान आहात खरं तर, पण असू दे.) एक विचारायचं राहिलं. तो म्हणतो की साइटवर त्याचे बरेच पैसे अडकलेत, काढायला गेलं की कागदपत्रं मागतात, थोडे अजून भरले की अकाउंट मोकळं होईल असं तिकडच्या चॅटवाल्याने सांगितलंय. हे खरं असतं का?

एका_मुलाचा_बाप

ताई, अजिबात भरू नका. पैसे घेताना वय विचारत नाहीत, फक्त मी 18 चा आहे ह्या चौकटीवर टिचकी मारायची. द्यायची वेळ आली की ओळखपत्र, फोटो, पत्ता सगळं आठवतं, आणि खातं दुसऱ्याच्या नावावर असलं की आयतंच कारण सापडतं. पैसे भरले की पैसे सुटतील असं कोणी सांगत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. गेले ते गेले असं धरून चाला. आमचेही तसेच गेले.

आता मी बाप म्हणून बोलतो. माझा मुलगा 17 चा होता तेव्हा आम्हाला कळलं. कसं कळलं, तर त्याच्या आजीच्या पर्समधून पैसे कमी व्हायला लागले आणि घरात कामाला येणाऱ्या बाईंवर संशय घेतला आम्ही. त्या बाईंची मी नंतर जाऊन माफी मागितली, त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बरं म्हणाल्या. ती गोष्ट मला आजही पैशांपेक्षा जास्त सलते. तेव्हा बाहेर फुटू नये म्हणून मूठ झाकून ठेवायची असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ह्यात भलत्याच माणसाचा बळी जातो.

आमची पहिली चूक म्हणजे मी त्याच रात्री सगळं देणं फेडून टाकलं. वाटलं ओझं उतरलं की पोरगं मोकळं होईल. तो खरंच मोकळा झाला, पाटी कोरी झाली आणि तीन आठवड्यांत परत सुरू. माझं फेडणं त्याच्या डोक्यात मोठ्या जिंकण्यासारखंच बसलं होतं, म्हणजे कितीही खोल गेलो तरी शेवटी कुठून तरी पैसे येतात. हे मला समुपदेशकांनी समजावलं तेव्हा मी त्यांच्यावर चिडलो होतो, पण बरोबर होतं.

दुसरी चूक, मी लॅपटॉप आपटला. त्याने काही झालं नाही. तो मित्राच्या फोनवरून खेळायला लागला.

ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. कोणाचं किती देणं आहे ते त्याच्याच हाताने कागदावर लिहून घेतलं, एकदम नाही, तीन-चार दिवसांत, कारण पहिल्या दिवशी कोणीच खरा आकडा सांगत नाही, अर्धाच सांगतात. ज्या मुलांचे पैसे घेतले होते त्यांच्याकडे मी त्याला बरोबर घेऊन गेलो, फेडायचे तर हप्त्याने आणि त्याच्या स्वतःच्या खर्चातून कापून. त्याच्या हातात रोख आणि ऑनलाइन काहीच ठेवलं नाही सहा महिने, गिफ्ट कार्डसुद्धा नाही, तीही विकली जातात. सगळ्या उपकरणांवर ब्लॉक करणारं सॉफ्टवेअर घातलं, बेटब्लॉकर नावाचं फुकट मिळतं, गॅमबॅन म्हणून विकतचं आहे. पळवाटा असतात, मान्य, पण रात्री दोनला जी हुक्की येते ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, तेवढा अडथळा पुरतो पुष्कळदा. आणि गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस म्हणून जुगार सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट आहे, 1957 पासून चालू आहे, घरच्यांसाठी गॅम-अ‍ॅनॉन वेगळं. मी तिकडे स्वतःसाठी गेलो. मुलगा आधी नाही म्हणाला, नंतर आला.

गेम बंद केला नाही आम्ही. ह्यावर घरात वाद आहे अजून. बायकोचं म्हणणं सगळंच बंद करायला हवं होतं. मला वाटलं खेळणं ही त्याची एकच चांगली सोबत उरली होती.

पाटी_पेन्सिल

मी शाळेत समुपदेशक आहे, वेळ कमी आहे म्हणून मुद्द्याचं लिहिते.

व्यसन आहे का हे इथे कोणी ठरवू शकत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊनच. पण तुम्ही लिहिलेलं वाचून काळजी वाटते. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, जुगाराच्या विकाराला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या शेजारी बसवलं, त्याआधी तो वेगळ्याच गटात होता. तिथे नऊ लक्षणं दिलीत, वर्षभरात चार किंवा जास्त दिसली तर निदान होतं. हरलेलं परत मिळवायला पुन्हा लावणं, खोटं बोलणं, पैशांसाठी दुसऱ्यांवर विसंबणं ही त्यातलीच. तीन तर तुमच्या पोस्टमध्येच आहेत. आणि गेमचं व्यसन वेगळं, जुगाराचं वेगळं. आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, दोन्ही शेजारी शेजारी आहेत पण एक नाहीत. पुष्कळ पालक मुलाला गेमचं व्यसन म्हणून आणतात आणि पैशाचा प्रश्न कोणी विचारतच नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा जुगार हा शब्द तुम्हीच उच्चारा.

आणखी एक, आणि हे टाळू नका. जुगारात अडकलेल्यांमध्ये आत्महत्येचे विचार येण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यातही देणं उघडं पडतं त्या दिवसांत. त्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरी सांगण्याबद्दल: 16 वर्षांच्या मुलाचं गुपित तुम्ही एकटीने सांभाळायचं नसतं. पण त्याच्या पाठीमागे सांगू नका. त्याला आधी सांगा की मी सांगणार आहे, तू सांगतोस का आपण दोघं मिळून सांगूया. आणि आईबाबांनाही आधी थोडं तयार करा, पहिल्या पाच मिनिटांत कोण काय बोललं ते मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

बेल्जियमने 2018 मध्ये लूट बॉक्सला, म्हणजे केससारख्या पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना, जुगारात धरलं तेव्हा आमच्याकडे पालक हसले होते, खेळण्यातल्या पेटीला कसला कायदा म्हणून. आता हसत नाहीत.

थकलेली_ताई

नऊ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं पण घरात जे चाललं होतं त्यात जमलंच नाही.

पाटी पेन्सिल ताईंनी सांगितलं तसं त्याला आधी सांगितलं. रविवारपर्यंत वेळ दिला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, ताट घेऊन खोलीत जायचा. तो प्रश्न पण विचारला, माझ्या तोंडून निघता निघत नव्हता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला करायचं असं नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटायचं. डॉक्टरांची वेळ त्याच संध्याकाळची मिळाली, तिथे हे सांगितलं, जुगार हा शब्द मीच बोलले.

मग आईबाबांना त्यानेच सांगितलं. मी शेजारी बसले होते. मला वाटलं बाबा ओरडतील, ते ओरडले नाहीत, त्यांनी विचारलं जिंकला होतास का कधी. हा म्हणाला हो, पहिल्याच आठवड्यात, बरेच. बाबा म्हणाले तिथेच घात झाला. आई रडत होती पण मध्येच उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

एका मुलाचा बाप काकांनी सांगितलं तसा कागद केला. पहिल्या दिवशी चार नावं होती. दुसऱ्या दिवशी सहा. काल आठ झाली, एक तर त्याच्या कोचिंगमधल्या सरांचं निघालं, आजारपणाचं सांगून घेतले होते. बाबांनी कागद वाचला आणि विचारलं ह्यात ताई कुठाय. तर हा म्हणतो ताईचे काय धरायचे, ती थोडीच मागणार आहे.

खरं सांगते, मलाही आतून तेच वाटत होतं, जाऊ दे, माझे नकोत. पण मी म्हटलं लिही. दोन्ही वेळचे लिही, आकड्यासकट. त्याने लिहिले. नववं नाव माझं आहे.

बेटब्लॉकर त्याच्या फोनवर टाकलंय. लॅपटॉपचं राहिलंय, बाबा म्हणाले उद्या बसू निवांत.

एका_मुलाचा_बाप

बरं झालं ताई. लॅपटॉपचं आजच करा, झोपायच्या आधी. मॅचेस रात्रीच्या असतात.